गोष्टीचे पुस्तक शाळेत कसे आले
(मराठी बालकथांच्या मुद्रणाचा पूर्वेतिहास)

प्राथमिक शाळेच्या कपाटातील गोष्टींची जुनी पुस्तके चाळून पाहिली असता एक विशेष चटकन ध्यानात येतो. गोष्ट संपते, एक ओळ मोकळी सुटते आणि खाली 'तात्पर्य' हा शब्द येतो. पुढे एका वाक्यात उपदेश. परीक्षेच्या वेळी गुरुजी विचारतात तेही बहुधा हेच : या गोष्टीवरून कोणता बोध मिळतो? उलटपक्षी, त्याच शाळेतील मूल सायंकाळी घरी गेल्यावर आजीच्या मांडीवर डोके ठेवून जी गोष्ट ऐकते, तिच्यात राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडील पोपटात असतो, राजकन्या फुलातून निघते आणि चिमणी कावळ्याला दाराबाहेर तिष्ठत ठेवते. या गोष्टीला तात्पर्य नसते, आणि ते नाही म्हणून मुलाची तक्रारही नसते.

शाळेतील गोष्ट व घरातील गोष्ट या दोहोंत एवढे अंतर का पडले, याचे उत्तर मराठी छापील पुस्तकांच्या पहिल्या शंभर वर्षांत सापडते. चांदूर बाजारसारख्या वऱ्हाडातील तालुक्यातील शिक्षकांना हा इतिहास दोन कारणांनी जवळचा वाटावा. एक तर त्याचा आरंभ छापखान्याच्याही पूर्वी, येथून जवळच झालेला आहे. दुसरे असे की, त्या इतिहासात एक काम अपुरे राहिले असून ते पुरे करणे आज प्राथमिक शिक्षकाच्याच हाती आहे.

छापखान्यापूर्वीची गोष्ट

चांदूर बाजाराला लागून असलेल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र क्षेत्र आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी तेथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इ. स. १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी तेथे 'लीळाचरित्रा'च्या रचनेस आरंभ केला. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ होय. स्वामींच्या आठवणी ज्याने पाहिल्या वा ऐकल्या, त्याच्याकडे जाऊन, त्याला विचारून म्हाइंभटांनी त्या टिपून घेतल्या, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. कोणी काय सांगितले आणि कोठे पाठभेद आहे, याची जाण त्या काळीही त्यांना होती, हे विशेष.

याच ग्रंथात कावळ्याचे घर शेणाचे आणि दुसऱ्या पाखराचे मेणाचे, अशी ती महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक असलेली गोष्ट आढळते. पावसाने शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा शेजारणीच्या दाराशी येतो. आज बालवाडीत सांगितली जाणारी चिऊकाऊची गोष्ट म्हणजे सातशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवली गेलेली मराठी बालकथा आहे. ती वऱ्हाडच्या भूमीत लेखनिविष्ट झाली, हा येथील शिक्षकांना अभिमान वाटावा असा योग आहे.

तथापि याच पंथाच्या 'दृष्टांतपाठ' या ग्रंथाचाही येथे निर्देश केला पाहिजे. केशिराजबासांनी संकलित केलेल्या या ग्रंथात आधी सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचा लागू होणारा अर्थ, अशी मांडणी आहे. हत्ती आणि आंधळे यांची प्रसिद्ध कथा तीत आली आहे. यावरून दिसते की, गोष्टीमागे अर्थ जोडण्याची रीत इंग्रजांनी आणली असे म्हणता येणार नाही. मराठीत उपदेशासाठी सांगितलेली गोष्ट आणि नुसत्या आनंदासाठी सांगितलेली गोष्ट या दोन्ही आरंभापासून शेजारी शेजारी नांदत होत्या. छापखाना आल्यावर मात्र त्यांपैकी एकीलाच शाळेत जागा मिळाली.

महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिलेले असून मठांत जपून ठेवलेले होते. ते विसाव्या शतकातच छापून बाहेर आले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात मराठी मुलांसाठी गोष्टींचा शोध घेणाऱ्या विद्वानांना रिद्धपूरच्या या ठेव्याची वार्ताही नव्हती. ते पार ग्रीस देशापर्यंत गेले, पण मोर्शीपर्यंत पोहोचू शकले नाहीत.

पहिली छापील पुस्तके

मराठी गोष्टींचे पहिले छापील पुस्तक महाराष्ट्राबाहेर निघाले. तंजावरचे सरफोजी राजे भोसले हे विद्याव्यासंगी होते. त्यांनी आपल्या राजधानीत देवनागरी छापखाना घातला आणि इसापाच्या कथांचे सख्खन पंडितांकडून मराठी भाषांतर करवून ते 'बालबोधमुक्तावली' या नावाने १८०६ साली प्रसिद्ध केले. मुलांसाठी छापलेले पहिले मराठी पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी या मिशनऱ्याने वैजनाथ पंडितांच्या साह्याने १८१४ साली 'सिंहासन बत्तिशी' आणि १८१५ साली 'हितोपदेश' ही पुस्तके मोडी ठशांनी छापली. मुंबईत १८२२ साली 'पंचोपाख्यान' निघाले. पंचतंत्राची ही मराठी परंपरा होय. येणेप्रमाणे मराठी मुद्रणाच्या पहिल्या वीस वर्षांत ज्या पुस्तकांनी छापखान्याचे तोंड पाहिले, त्यांत गोष्टींच्या पुस्तकांचा भरणा मोठा होता. मात्र यांपैकी श्रीरामपूरची पुस्तके प्रामुख्याने मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबांकरिता होती, मुलांकरिता नव्हती.

एतद्देशीय मुलांकरिता पद्धतशीर काम सुरू झाले ते १८२२ साली. मुंबईचे गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पाठबळाने 'हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी' स्थापन झाली. १८२७ मध्ये तिचे नाव 'बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' असे झाले. त्यापूर्वी पंतोजींच्या शाळेत छापील पुस्तक असे नसेच. मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत, पाढे घोकीत आणि मोडी पत्रे वाचावयास शिकत. मंडळीने व्याकरण, गणित, भूगोल या विषयांबरोबर गोष्टींची पुस्तकेही करवून घेतली. त्या कामी पुढे आले ते सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे (१७८८–१८३०).

छत्र्यांची 'इसापनीतिकथा' १८२८ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी 'बाळमित्र' या पुस्तकाचा पहिला भाग निघाला. बर्क्विन नामक फ्रेंच लेखकाने १७८२–८३ मध्ये 'मुलांचा मित्र' अशा अर्थाच्या नावाने एक कथामाला चालविली होती. तिच्या इंग्रजी अवताराचे हे मराठी रूप. १८३० साली त्यांची 'वेताळपंचविशी' आली, आणि त्याच वर्षी हा कर्ता पुरुष निवर्तला. सोपे, चालते, बोलण्याजवळचे मराठी गद्य छापील पुस्तकात आणण्याचे श्रेय छत्र्यांना दिले जाते. पुढे मेजर टॉमस कँडी यांनी या पुस्तकांच्या भाषेवर संस्कार केले. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम इत्यादी विरामचिन्हे रूढ करण्याचा मानही कँडी यांचाच आहे. शिक्षक वर्गात गोष्ट वाचताना जेथे थांबतात, ती थांबण्याची जागा दाखविणारे टिंब मुळात या शाळापुस्तकांच्या निमित्ताने मराठीत स्थिर झाले.

तात्पर्याचे राज्य

छत्र्यांनी निवडलेल्या पुस्तकांकडे बारकाईने पाहिले, तर निवडीमागील धोरण कळते. 'बाळमित्रा'त पऱ्या, राक्षस, जादू यांना थारा नाही. त्यात घरोघरची मुले आहेत. ती चुकतात, पस्तावतात, सुधारतात. 'इसापनीती'त पशुपक्षी बोलतात खरे, परंतु ते उपदेश देण्यापुरते बोलतात. छापील गोष्ट शाळेत आली ती अशी, नीतीचे बोट धरून.

याचे कारण लेखकाच्या आवडीत शोधण्यापेक्षा पुस्तकाच्या गिऱ्हाइकात शोधणे अधिक युक्त होईल. त्या काळी मराठी गोष्टींचे पुस्तक आई-बाप मुलासाठी विकत घेत नसत. घरात वाचता येणारे थोडे, आणि छापलेला कागद महाग. पुस्तक करवून घेणारी, छापणारी आणि वाटणारी अशी एकच संस्था होती, ती म्हणजे शिक्षण मंडळी. १८४० नंतर तिच्या जागी शिक्षण बोर्ड आणि १८५५ नंतर सरकारी शिक्षणखाते आले. खात्याला पुस्तकावर होणाऱ्या खर्चाचे समर्थन करावे लागे. मुलाला गोष्ट आवडली, हे समर्थन कागदावर मांडता येत नाही. गोष्टीने मूल सदाचारी झाले, हे मांडता येते. तेव्हा पुस्तकाचा खर्च ज्याच्या हाती, त्याच्या पसंतीची गोष्ट छापली गेली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. व्यवस्थेचाच तो स्वभाव होता.

या व्यवस्थेने मराठी मुलांचे मोठे हितही केले, हे विसरता कामा नये. तिच्यामुळेच खेड्यातील मुलाच्या हातात पहिल्यांदा पुस्तक आले. परंतु त्याबरोबर एक समजही रुजला की, छापण्याजोगी गोष्ट ती उपदेशाची, आणि आजीची गोष्ट ती वेळ घालविण्याची. हा समज छापखान्याहूनही दीर्घायुषी ठरला.

अमेरिकेतील वाद

हाच प्रश्न त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतही उभा होता. तेथील सॅम्युएल गुडरिच हा लेखक 'पीटर पार्ले' या नावाने मुलांसाठी लिहीत असे. त्याचे या मालेतील पहिले पुस्तक १८२७ साली, म्हणजे छत्र्यांच्या इसापनीतीच्या अवघे एक वर्ष आधी निघाले. लहानपणी लांडग्याने गिळलेल्या मुलीची व तत्सम गोष्टी वाचून आपण भेदरलो होतो, असे गुडरिच सांगे. त्यामुळे मुलांना परीकथा देऊच नयेत, भूगोल, इतिहास व सृष्टिज्ञान यांची खरी माहिती द्यावी, असा त्याचा आग्रह होता. त्याची पुस्तके अमाप खपली.

पण अमेरिकेत पुस्तकाचे गिऱ्हाईक निराळे होते. तेथे घरोघर वाचणारे आई-बाप होते आणि प्रकाशक खासगी होते. १८९१ पर्यंत परदेशी लेखकांच्या हक्कांना तेथील कायद्याचे संरक्षण नसल्यामुळे इंग्लंडात छापलेली ग्रिमबंधूंची व अँडरसनची पुस्तके अमेरिकन प्रकाशक मोबदला न देता पुन्हा छापून स्वस्तात विकू शकत. परीकथा ज्याला हवी होती त्याला ती दुकानात मिळू लागली, आणि उपदेशकांचा विरोध हळूहळू मावळला. नॅथॅनियल हॉथॉर्नसारख्या थोर कादंबरीकाराने १८५१ च्या सुमारास ग्रीक पुराणकथा मुलांसाठी रंगवून सांगितल्या. १८७३ साली मेरी मेप्स डॉज या बाईंच्या संपादकत्वाखाली 'सेंट निकोलस' हे बालमासिक निघाले, त्यात अद्भुतकथांना मानाचे स्थान होते. शेवटी १९०० साली एल. फ्रँक बॉम याने ओझच्या जादूगाराची कथा प्रसिद्ध केली. नीतिशिक्षण आता शाळा देतेच आहे, तेव्हा गोष्टीने केवळ आनंद द्यावा, अशी भूमिका त्याने प्रस्तावनेत घेतली. पीटर पार्लेपासून ओझपर्यंत हे अंतर कापण्यास अमेरिकेला सुमारे पाऊणशे वर्षे लागली.

मराठी मुद्रणाचा या देशाशी प्रत्यक्ष संबंधही आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि थोड्याच वर्षांत त्यांनी छापखाना काढला. तेथील टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक ठसे तयार केले. त्याच छापखान्यात ठसे घासण्याचे काम करणारा एक गरीब मुलगा पुढे 'निर्णयसागर' छापखान्याचा संस्थापक झाला. ते जावजी दादाजी (१८३९–१८९२) होत. शिळाप्रेसवर दगडावरून उठविलेल्या, पोथीसारख्या दिसणाऱ्या पुस्तकांच्या जागी स्वच्छ, सारख्या अक्षरांची स्वस्त पुस्तके येण्यास या कारागिरांचे कष्ट कारण झाले. लहान मुलाला अक्षर सुटे आणि ठळक दिसावे लागते, हे ज्याने पहिलीचा वर्ग हाताळला आहे, त्यास सांगावयास नको.

अद्भुताला वाट मिळाली

मराठीत अद्भुतकथेला छापील प्रतिष्ठा मिळवून दिली ती एका शिक्षणाधिकाऱ्याने, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–१८७८) हे शिक्षणखात्यातील मान्यवर विद्वान, आणि पुणे येथील अध्यापक विद्यालयाचे प्रमुख. त्यांनी १८६१ पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' भागाभागांनी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. मूळ अरबी कथा त्यांनी इंग्रजीच्या द्वारे घेतल्या होत्या. त्यांच्यामागे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी हे काम तडीस नेले. अल्लाउद्दिनाचा दिवा, सिंदबादच्या सफरी आणि अलीबाबाची गुहा मराठी घरांत शिरली ती येथून. नावातच 'सुरस' आणि 'चमत्कारिक' असे दोन शब्द आहेत. 'बोधपर' हा शब्द नाही. मराठी गद्याचा एक आदर्श म्हणून विद्वानांनी या पुस्तकाकडे पाहिले आणि मुलांनी ते रात्रीचा दिवा विझेपर्यंत वाचले.

'परी' हा शब्द मराठीत फारसीतून आला, तशीच छापील अद्भुतकथाही परदेशाची वाट चालून आली. तिला मराठी वाचकाने आपले मानले, यात नवल नाही. कारण दिव्यातील राक्षस आणि उडता गालिचा यांचे सोयरे आधीच त्याच्या आजीच्या गोष्टींत राहत होते. पंचतंत्रातील कथा फार पूर्वी इराण व अरबस्तानमार्गे युरोपात गेल्या, इसापाच्या कथांतील वाघाचे वा सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव आपल्याकडेही आढळते. गोष्टींना सरहद्द नसते. छापखान्याच्या निवडीला मात्र असते.

मुलांची मासिके

पुस्तक एकदा छापले की ते स्थिर होते. मासिक दरमहा मुलाच्या भेटीस येते. अमेरिकन मिशनने १८७३ साली 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक मराठीत सुरू केले. अमेरिकेत 'सेंट निकोलस' निघाले तेही याच वर्षी. मिशनच्या मासिकाचा हेतू अर्थातच धर्मशिक्षणाचाही होता. परंतु मुलांसाठी चित्रे आणि सोपी भाषा यांचा एक पाठ त्याने मराठीला घालून दिला.

मराठी बालमासिकाचा खरा संसार मांडला तो विनायक कोंडदेव ओक (१८४०–१९१४) यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी येथे जन्मलेले ओक शिक्षणखात्यात अधिकारी होते. १८८१ साली त्यांनी 'बालबोध' मासिक सुरू केले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षे, ते नेमाने चालविले. थोर पुरुषांची चरित्रे, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा मजकूर बहुतांशी ते स्वतःच लिहीत. भाषा इतकी सरळ की, चौथी-पाचवीच्या मुलालाही अडू नये. एका माणसाने एका पिढीला पोसले, असेच म्हणावे लागेल. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यात 'आनंद' मासिक काढले. त्याचे नावच नव्या दृष्टीची साक्ष देते. 'बालबोधा'पासून 'आनंदा'पर्यंतचा हा प्रवास म्हणजे ज्ञान द्यावे येथपासून आनंद द्यावा येथपर्यंतचा प्रवास होय. अमेरिकेला ज्या वळणावर पोहोचण्यास पाऊणशे वर्षे लागली, तेथे मराठीही जवळजवळ तेवढ्याच काळात पोहोचली.

आजीची गोष्ट कोणी छापली

या सर्व उद्योगात एक जागा मात्र रिकामी राहिली. इसाप आला, बर्क्विन आला, अरबस्तान आला. परंतु घरातील आजी छापखान्यात आली नाही. ती आली तेव्हा इंग्रजीत आली, ही खेदाची गोष्ट आहे.

१८६५–६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दक्षिण महाराष्ट्रात दौऱ्यावर होते. त्यांची कन्या मेरी फ्रिअर बरोबर होती. तंबूत सोबतीला होती ती अॅना लिबेराता डिसूझा नावाची आया. वेळ जावा म्हणून मेरीने तिला गोष्ट सांगावयास विनविले. अॅनाने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी एकामागून एक सांगितल्या, मेरीने त्या लिहून घेतल्या, आणि १८६८ साली लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पोपटात प्राण ठेवणारा मांत्रिक, पंचफुलराणी, सूर्याबाई अशा कथा त्यात आहेत. भारतीय लोककथांच्या इंग्रजी संग्रहांतील हा अगदी आरंभीचा आणि गाजलेला संग्रह होय. मेरीने आणखी एक चांगली गोष्ट केली : अॅनाच्या जीवनाची हकीकत तिच्याच तोंडून घेऊन पुस्तकाच्या आरंभी घातली. सांगणारीचे नाव पुसले गेले नाही.

पुढे १९१४ साली किंकेड या सनदी अधिकाऱ्याने श्रावणातील व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या; त्यांस चित्रकार म. वि. धुरंधर यांची चित्रे होती. अमेरिकेतही असाच प्रकार घडला. गुलामगिरीत खितपत पडलेल्या निग्रो लोकांनी जपलेल्या सशाच्या चातुर्यकथा जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने १८८० साली 'अंकल रीमस' या कल्पित म्हाताऱ्याच्या तोंडी घालून छापल्या. पुस्तक अजरामर झाले. पण खऱ्या सांगणाऱ्यांची नावे त्या कल्पित नावाआड राहिली. ज्याच्या मुखातून गोष्ट आली त्याचे नाव राहते की जाते, हे टिपून घेणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून असते.

मराठी लोककथांचे संकलन विसाव्या शतकात दुर्गा भागवत यांच्यासारख्या विदुषींनी आस्थेने केले. तरीही प्रत्येक गावाची, प्रत्येक बोलीची गोष्ट कागदावर आली आहे असे नाही. वऱ्हाडी बोलीत सांगितलेल्या गोष्टीचा ठसका प्रमाण भाषेत उतरविताना नाहीसा होतो. मेळघाटातील कोरकू मुलाच्या घरची भाषा तर मराठीहून अगदी वेगळ्या कुळातली. त्याच्या आजीची गोष्ट शाळेच्या कपाटात नसेल, तर ते कपाट त्याला परक्याचेच वाटणार. छापील पुस्तकात जे नाही ते कमी दर्जाचे, हा शंभर वर्षांपूर्वीचा समज अशा वेळी त्या मुलाच्या मनात नकळत घर करतो, आणि मग ते वर्गात गप्प बसते. मुलाचे गप्प बसणे ही वाचनशिक्षणातील सर्वांत मोठी हानी होय.

शिक्षकांचे काम

एकोणिसाव्या शतकात पुस्तकाची निवड शिक्षण मंडळी करी. आज शाळेच्या वाचनालयात कोणते पुस्तक उघडले जावे आणि वर्गात कोणती गोष्ट सांगितली जावी, हे पुष्कळ अंशी वर्गशिक्षक ठरवितो. छत्र्यांपाशी जो अधिकार होता, त्याचा लहानसा अंश प्रत्येक प्राथमिक शिक्षकापाशी आहे. त्याचा उपयोग पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिली गोष्ट, आठवड्यातून एक तास गोष्ट नुसती सांगावी. तिच्यावर प्रश्न विचारू नयेत व तात्पर्य लिहून घेऊ नये. गोष्टीतील न्याय-अन्याय मुलांना आपोआप उमगतो. ज्या दिवशी मूल होऊन विचारील की, चिमणीने कावळ्याला आधीच घरात का घेतले नाही, त्या दिवशी नीतिपाठ साधला असे समजावे.

दुसरी गोष्ट, ऐकणे हे वाचण्याची पूर्वतयारी आहे, हे पालकांच्याही मनावर बिंबवावे. याच तालुक्यातील माधान येथे राहिलेले श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन, ऐकून त्यांनी विद्या संपादन केली आणि विपुल ग्रंथरचना सांगून लिहविली. कानाने मिळालेली विद्या उणी नसते, याचे याहून जवळचे उदाहरण येथील मुलांना कोणते सांगावे?

तिसरी गोष्ट, चौथीच्या पुढील मुलांना घरातील वडीलधाऱ्यांकडून एकेक गोष्ट ऐकून ती लिहून आणण्यास सांगावे. गोष्ट ज्या बोलीत ऐकली त्याच बोलीत लिहावी. वऱ्हाडी शब्दावर लाल रेघ ओढू नये. खाली सांगणाऱ्याचे नाव, नाते आणि गाव लिहावे. दोन घरांत एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जात असेल, तर दोन्ही ठेवाव्यात. हीच पद्धत म्हाइंभटांनी सातशे वर्षांपूर्वी शेजारच्या रिद्धपुरास अवलंबिली होती. अशा वह्या एकत्र शिवून शाळेच्या कपाटात छापील पुस्तकांशेजारी ठेवाव्यात आणि वाचनाच्या तासाला मुलांच्या हाती द्याव्यात.

चौथी गोष्ट, इसापनीती आणि अरबी गोष्टी कपाटातून काढून टाकण्याचे कारण नाही. त्यांनी मराठी मुलांना वाचावयास शिकविले आहे. त्यांच्या शेजारी घरची गोष्ट बसली म्हणजे झाले.

दोनशे वर्षांच्या या इतिहासात राजे, गव्हर्नर, पंडित, मिशनरी, अधिकारी आणि कारागीर या साऱ्यांनी मराठी मुलाच्या हाती गोष्टीचे पुस्तक पोहोचविण्यासाठी आपापला वाटा उचलला. एक वाटा बाकी आहे. गावोगाव ज्या वृद्ध स्त्रिया अजून गोष्टी सांगतात, त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे, आणि त्यांच्याबरोबर न लिहिलेली गोष्टही जाते. ती जाण्यापूर्वी एखाद्या मुलाच्या वहीत उतरली, तर शाळेतील गोष्ट आणि घरातील गोष्ट यांच्यामधील जुने अंतर तेवढ्या पानापुरते तरी मिटेल.